पहाऱ्यावरचा प्रश्नकर्ता

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणाने ऑगस्ट १९८८ मध्ये इंटरनेट रिले चॅट, म्हणजे पुढे आयआरसी या आद्याक्षरांनी सर्वतोमुखी झालेली संभाषणव्यवस्था, सुरू केली, तेव्हा तिच्या घटनेत मालकी हक्काची तरतूद मुळीच नव्हती: रिकाम्या चॅनेलात जो प्रथम पाऊल ठेवील त्याच्या हाती तेथला कारभार, आणि शेवटचा माणूस निघून गेला की चॅनेलही विसर्जित व कारभारही खालसा. दिवसभर जमवलेला गोतावळा रात्री झोपी गेला असता पहाटे कोणा आगंतुकाने तेच चॅनेल बळकावावे आणि मूळ कारभाऱ्यालाच बाहेर काढावे, हे प्रकार इतके नित्याचे झाले की, न झोपणारा, न कंटाळणारा आणि वेतन न मागणारा पहारेकरी तेथे तैनात करणे क्रमप्राप्तच होते. हा पहारेकरी म्हणजे बॉट. आज मल्टिप्लेअर खेळांच्या सर्व्हरवर ठराविक अवधीने आपोआप प्रश्न विचारणारा आणि अचूक उत्तराबद्दल बक्षीस देणारा जो यांत्रिक प्रश्नकर्ता दिसतो, त्याचे कूळ शोधू गेल्यास ते दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांपेक्षा या चौकीपहाऱ्यापाशीच जाऊन पोहोचते, असे माझे मत आहे.

करमणुकीची हौस या जातीच्या अंगी पहिल्यापासून होती. अगदी आरंभीच्या बॉटांपैकी ग्रेग लिंडाल याचा ‘गेम मॅनेजर’ हा ‘हंट द वम्पस’ या जुन्या संगणकी खेळाचे डाव मांडीत असे. पुढे डिसेंबर १९९३ मध्ये रॉबी पॉइंटर याने एका चॅनेलाच्या संरक्षणार्थ ‘एगड्रॉप’ लिहिला. त्याचा गाभा सी भाषेतला असला तरी टीसीएल या सोप्या भाषेत त्याला नवी कामे शिकविता येत, आणि ही सोय प्रश्नमंजूषेच्या पथ्यावर पडली. चॅनेल राखण्यासाठी जो रात्रंदिवस जागाच होता, त्याच्यावरच सभेचे मनोरंजन सोपविण्यात जादा खर्च तो कसला?

डाव चाले तो असा. बॉट प्रश्न टाकी, उत्तराच्या जागी अक्षरागणिक एकेक टिंब दाखवी, काही सेकंदांनी त्यातले एखादे अक्षर उघडे करी, आणि तोवर कोणी अचूक शब्द टंकला नाही तर उत्तर जाहीर करून निर्विकारपणे पुढल्या प्रश्नाकडे वळे. प्रश्नांचे दप्तर म्हणजे पुष्कळदा साधी मजकुराची फाइल: एका ओळीत आधी प्रश्न, मग तारांकन, मग उत्तर. खरी पंचाईत निवाड्याची होती. ‘वॉशिंग्टन’ लिहिणारा बरोबर आणि ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ लिहिणारा चूक ठरावा, किंवा घाईत एक अक्षर मागेपुढे झाल्याने जाणकाराची हार व्हावी, हे कोणाला रुचेल? एगड्रॉपसाठीच्या ‘मॉक्सक्विझ’मध्ये उत्तरातील अत्यावश्यक शब्दाच्या दोन्ही अंगांस हॅशचे चिन्ह घालण्याची रीत होती, तेवढा शब्द आला की बाकीचा मजकूर माफ. इतर काहींनी सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन याने १९६५ मध्ये मांडलेल्या मापाचा आश्रय घेतला, ज्यात एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, याची मोजदाद होते. एखाददुसऱ्या अक्षराची तफावत चालवून घेणारा दयाळू न्यायाधीश त्यातून मिळाला खरा. पण उत्तर १९४७ असता १९४६ लिहिणाऱ्यासही तो गुण देऊन मोकळा होई, म्हणून आकड्यांपुरती त्याची दया आवरणे भाग पडे.

हे दप्तर लिहिले कोणी, याचा थांग लागणे मात्र कठीण. फाइल हस्ते परहस्ते फिरे, प्रत्येक जण चार प्रश्नांची भर घाली, लेखकाचे नाव बहुधा कोणी ठेवीत नसे, आणि चुका तेवढ्या वारसाहक्काने सर्वांच्या वाट्यास येत. असल्या मिळकतीचा एक तंटा तत्पूर्वीच अमेरिकेत होऊन गेला होता. फ्रेड वर्थ या ग्रंथकाराने आपल्या ट्रिव्हिया कोशात चोर पकडण्याकरिता एक खोटी नोंद मुद्दाम पेरली होती, ती अशी की ‘कोलंबो’ या दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेर कोलंबो याचे पहिले नाव फिलिप. ख्रिस हेनी व स्कॉट ॲबट यांनी १९७९ मध्ये माँट्रियल येथे कल्पिलेल्या ‘ट्रिव्हियल परसूट’ या खेळात तेच ‘फिलिप’ अवतरले, तेव्हा वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरांचा दावा लावला. प्रतिवादींनी कोश वापरल्याचे नाकारले नाही; तरीही वस्तुस्थितीवर कोणाची मालकी असत नाही या तत्त्वावर वर्थ हरला, आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तोच निकाल कायम केला. बिचाऱ्याचा सापळा अचूक लागला, चोरही सापडला, पण चोरी ठरली नाही.

खेळांच्या सर्व्हरवर हा प्रश्नकर्ता स्थिरावला तो विशेषतः ‘माइनक्राफ्ट’मुळे. मार्कुस पेर्सन याने २००९ मध्ये लोकांपुढे ठेवलेला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्णावस्थेस पोहोचलेला हा खेळ कोणासही स्वतःचा सर्व्हर थाटण्याची मुभा देई, आणि ‘बकिट’ या सॉफ्टवेअरने त्यास जावा भाषेतील प्लगइन, म्हणजे जोड-कार्यक्रम, जोडण्याची वाट करून दिली. हा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा आपल्या साऱ्या सृष्टीचा हिशेब करतो. त्या पन्नास मिलिसेकंदांत उत्तरांची छाननी घुसडून चालत नाही, म्हणून चॅट वेगळ्या धाग्यावर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या ओळीवर, तपासले जाते आणि विजेत्याच्या झोळीत हिरा घालण्यापुरतेच काम मुख्य धाग्याकडे रुजू होते.

पण या हिऱ्यानेच खेळाचा स्वभाव पालटला. आयआरसीवर विजेत्यास गुणांच्या यादीतील नावापलीकडे फारसे काही मिळत नसे. येथे उत्तरास बाजारभाव आला, तेव्हा कोणी सर्च इंजिन उघडून बसला, तर कोणी प्रश्न विचारणाऱ्या यंत्रास उत्तर देणारे दुसरे यंत्र उभे केले. त्यावर कारभाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे उलटसुलट केलेला शब्द जुळवा, दोन अंकांची बेरीज करा, दिलेले वाक्य जसेच्या तसे टंका. यात ज्ञानाची परीक्षा उरली नाही, उरली ती बोटांच्या चपळाईची. आणि सर्व्हरपासून दूरच्या खंडात बसलेल्याचे उत्तर बरोबर असूनही उशिरा पोहोचे, हे वेगळेच.

‘टॉवर युनाइट’ हा खेळ करणाऱ्या पिक्सेलटेल गेम्सने आता ‘ओपन ट्रिव्हिया डेटाबेस’ हा लोकांनी लिहिलेल्या प्रश्नांचा संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांस खुला केला आहे. ज्यांना आपल्या सर्व्हरवर हा खेळ मांडावयाचा असेल त्यांनी तो अवश्य घ्यावा. परंतु निदान पन्नास प्रश्न स्वतः लिहावेत, आणि उसने घेतलेले प्रत्येक उत्तर चॅटमध्ये जाण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.