मोसुलच्या दारांवरील एक अक्षर

१/ जुलै २०१४ मध्ये इराकमधील मोसुल शहरातल्या ख्रिस्ती घरांवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगवण्यात आले. ‘नसारा’, म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे ते आद्याक्षर. ही मालमत्ता आता इस्लामिक स्टेटची आहे, अशी नोंदही अनेक भिंतींवर होती.

२/ जूनमध्ये शहर ताब्यात घेतलेल्या या संघटनेने ख्रिस्ती रहिवाशांना बजावले : धर्म बदला, जिझिया द्या किंवा शहर सोडा, अन्यथा तलवार. १९ जुलै ही अखेरची मुदत होती. बहुतेकांनी शहर सोडले. नाक्यांवर अनेकांचे पैसे आणि दागिने हिरावून घेतले गेले. ऑगस्टमध्ये जवळचे काराकोशही पडले आणि निनवेच्या मैदानातील सुमारे एक लाख ख्रिस्ती एर्बिलच्या आश्रयाला गेले.

३/ हे सारे आरंभीच्या खिलाफतीच्या पुनःस्थापनेच्या नावाने चालले होते. इतिहास मात्र या दाव्याला साक्ष देत नाही. आठव्या शतकात बगदादच्या अल-महदी या खलिफाने ख्रिस्ती धर्मप्रमुख तिमथी यांच्याशी धर्मचर्चा केली. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने गॅलनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले.

४/ तो काळ समतेचा नव्हता. जिझिया होता, दुय्यम दर्जा होता, अधूनमधून हिंसाही होती. दिल्ली लुटणाऱ्या नादिरशहाच्या सैन्याने १७४३ मध्ये मोसुलजवळील मार एलिया मठातील मठवासीयांची कत्तल केली. तरीही सहाव्या शतकातील त्या मठाच्या भिंती उभ्या राहिल्या. त्या जमीनदोस्त केल्या इस्लामिक स्टेटने.

५/ या विनाशाची वाट आधीच मोकळी झाली होती. २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर राज्ययंत्रणा कोसळली आणि अल्पसंख्याकांना कोणी वाली उरला नाही. २००८ मध्ये मोसुलचे आर्चबिशप पौलोस फराज राहो यांचे अपहरण झाले. पुढे त्यांचा मृतदेहच सापडला. २०१० मध्ये बगदादच्या एका चर्चवरील हल्ल्यात ५० हून अधिक माणसे मारली गेली.

६/ बळी केवळ ख्रिस्ती नव्हते. सिंजारमध्ये यझिदींचा वंशसंहार झाला. विरोध करणारे मुस्लिमही मारले गेले. ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम अशा तिन्ही परंपरांना पूज्य असलेल्या योना, अर्थात नबी युनूस, यांच्या नावाची मशीद सुरुंग लावून उडवण्यात आली. निरनिराळ्या श्रद्धांनी मिळून घडवलेला भूतकाळच या संघटनेला नको होता.

७/ २०१७ मध्ये मोसुल मुक्त झाले. ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथील भग्न चर्चांच्या मधोमध प्रार्थना केली. काराकोशला हजारो लोक परतले. मोसुलमध्ये मात्र मोजकीच कुटुंबे. २००३ पूर्वी इराकमधील ख्रिस्ती दहा लाखांहून अधिक असल्याचा अंदाज होता. आजचे बहुतेक अंदाज तीन लाखांच्या आत आहेत. परदेशी विखुरलेल्या घरांतून त्यांची अरामी बोलीही पुढच्या पिढीत टिकणे कठीण झाले आहे. भिंतीवरचे ‘नून’ पुसता येते. पण त्या भिंतीआड पुन्हा निर्धास्त झोपता येईल, हा विश्वास अद्याप परतलेला नाही.