दिलासा आणि वकील

ज्या घरात अन्याय झाला त्याच घराने फिर्याद ऐकायची, चौकशी करायची आणि मलमपट्टीही करायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॅथलिक चर्चने १९९६ मध्ये त्याची रीतसर व्यवस्था लावली.

त्या ऑक्टोबरात मेलबर्नचे आर्चबिशप जॉर्ज पेल यांनी ‘मेलबर्न रिस्पॉन्स’ जाहीर केला. धर्मगुरूंकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी त्यात तीन सोयी होत्या : तक्रार तपासणारा स्वतंत्र आयुक्त, ‘केअरलिंक’ ही समुपदेशन सेवा आणि भरपाई ठरवणारे मंडळ. आयुक्त ‘स्वतंत्र’ खरा, पण नेमणूक आणि मानधन धर्मप्रांताचेच. भरपाईची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर. उरलेल्या देशासाठी बिशप आणि संन्यस्त संघांच्या प्रमुखांनी डिसेंबरात ‘टुवर्ड्‌स हीलिंग’ ही वेगळी नियमावली मंजूर केली. तिच्यात सत्य, नम्रता, न्याय, करुणा असे शब्द आहेत. ते लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती कागदाच्या ताकदीबद्दल.

ती ताकद कसाला लागली जॉन एलिस यांच्या प्रकरणात. मिस्सेच्या वेळी वेदीजवळ सेवा करणारा हा सिडनीचा मुलगा. १९७० च्या दशकात त्याच्यावर अत्याचार झाले ते त्याच्याच धर्मग्रामातल्या फादरकडून. मोठेपणी तो वकील झाला. २००२ मध्ये तो दाद मागायला गेला तो कोर्टात नव्हे, ‘टुवर्ड्‌स हीलिंग’कडे. चर्चनेच नेमलेल्या तपासनिसाने त्याचे म्हणणे ग्राह्य धरले. देऊ केलेली रक्कम आधी २५,००० डॉलर होती, मग ३०,००० झाली. पेल तोवर सिडनीचे आर्चबिशप झाले होते.

एलिस शेवटी कोर्टात गेले. तिथे धर्मप्रांताच्या वकिलांनी अत्याचार झाल्याचेच वादग्रस्त ठरवले. एका दालनात जे मान्य, ते दुसऱ्या दालनात अमान्य! मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की मालमत्ता सांभाळणारे विश्वस्त फादरच्या कृत्याला जबाबदार नाहीत. मग दावा लावायचा कोणावर? कायद्याच्या नजरेत चर्च नावाची व्यक्तीच नव्हती. या युक्तिवादाला पुढे नाव पडले ‘एलिस बचाव’. ज्याने मार खाल्ला त्याचेच नाव ढालीला.

त्याच चर्चने नंतर एलिस यांच्या समुपदेशनाचा खर्चही उचलला. तो ढोंगीपणा होता असे मी म्हणणार नाही. दिलासा देणारी माणसे वेगळी होती, वकिलांना सूचना देणारी वेगळी; तिजोरी मात्र एक होती.

२०१३ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने हे प्रकरण उघड्यावर तपासले. २०१४ च्या मार्चमध्ये पेल यांनी साक्षीत एलिस यांची माफी मागितली. व्हिक्टोरिया राज्याने २०१८ मध्ये कायदा करून तो बचाव मोडीत काढला. त्याच वर्षी १ जुलैला राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. आता निर्णय योजनेचे स्वतंत्र निर्णयकर्ते घेतात आणि खर्च संबंधित संस्थेकडून वसूल होतो. कमाल रक्कम १,५०,००० डॉलर, सोबत समुपदेशन, आणि पीडिताची इच्छा असेल तरच संस्थेच्या प्रतिनिधीने समोर बसून ऐकणे आणि माफी मागणे. मात्र रक्कम स्वीकारताना एका कागदावर सही करावी लागते : यापुढे या संस्थेवर दावा लावणार नाही.