अस्थिमज्जारोपण आणि रक्तातील जंतुसंसर्ग : एक मागोवा

चतुर्विध दानांत औषधदानाचे महत्त्व आपण जाणतोच. रक्ताचा कर्करोग वा थॅलेसेमिया झालेल्या बालकांच्या मूळपेशी-रोपणासाठी आज समाजाकडे मदत मागितली जाते. या उपचाराचा इतिहास म्हणजे जंतुसंसर्गाशी दिलेल्या लढ्याचाही इतिहास होय.

1957 साली अमेरिकेत डॉ. डोनॉल थॉमस यांनी मानवी अस्थिमज्जारोपणाचे आरंभीचे प्रयत्न प्रसिद्ध केले. 1968 मध्ये मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकास बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचविले. 1983 मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने भारतात या कार्याचा शुभारंभ केला. 1990 साली डॉ. थॉमस यांना नोबेल पारितोषिक लाभले.

रोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी जुनी अस्थिमज्जा नष्ट होते. नवीन रुजेपर्यंतचे दोन ते चार आठवडे बालकाच्या रक्तात जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. याच काळात जंतू मुख्यतः दोन द्वारांनी रक्तात शिरतात. एक, औषधांनी सोलवटलेले तोंड व आतडे. दुसरे, छातीतील मोठ्या शिरेत बसविलेली नळी. 1979 साली डॉ. हिकमन यांनी रोपणाच्या रुग्णांसाठी सुधारलेल्या या नळीमुळे वारंवार सुया टोचणे टळले. पण जीवनदायी मार्ग तोच जंतूंचाही मार्ग ठरला.

रक्ततपासणीच्या निष्कर्षाची वाट पाहण्यात रुग्ण दगावत. म्हणून 1970 च्या दशकापासून ताप येताच प्रतिजैविके सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे 2003 पासून मिशिगनमधील प्रौढांच्या अतिदक्षता विभागांनी हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, अनावश्यक नळी काढणे असे साधे नियम काटेकोरपणे पाळले. दीड वर्षात नळीजन्य संसर्ग सुमारे दोन तृतीयांशांनी घटला. बालरुग्णालयांनीही हाच मार्ग अनुसरला. आतड्यातून होणारा संसर्ग मात्र केवळ नळीच्या निगेने टळत नाही. तेथे आजही वेळीच मिळालेले औषध हाच आधार आहे.

पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजास सूक्ष्म जीवांविषयीची सावधानता नवी नाही. परंतु रुग्णाच्या समाचारास सहकुटुंब जाण्याची आपली रीत या बालकांच्या बाबतीत घातक ठरू शकते. तेव्हा खोलीत गर्दी न करता रक्तदान व प्लेटलेटदान करावे, पालकांच्या निवासाची व भोजनाची सोय पाहावी. रोपणाच्या खर्चाबरोबरच नंतरच्या औषधांसाठीही ट्रस्टने निधी राखून ठेवावा, अशी या सुवर्णमहोत्सवप्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र.