वचनाचा आधार

परमेश्वराच्या वचनावर भरंवसा ठेवणें म्हणजे काय, हें आपल्या साष्टींतील एका ख्रिस्तमंदिराच्या इतिहासावरून दिसतें.

अंधेरीनजीक कोंडिवटे येथें जेझुइट पाद्र्यांनीं १५७९ सालीं संत योहान बाप्तिस्त्याचें मंदिर बांधलें. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली. पोर्तुगीजांचें राज्य गेलें, परंतु मराठी बोलणाऱ्या येथील ख्रिस्ती रयतेची उपासना टिकली. त्याहून कठीण कसोटी १८४० सालीं आली. सांथ पसरली आणि लोकांना मंदिर सोडावें लागलें. देवानें आपणांस टाकलें, असें म्हणून स्वस्थ बसणें त्या वेळीं सोपें होतें. त्यांनीं मात्र मंदिरांतील मूर्ति, खांब व साहित्य मरोळास नेलें आणि तेथें नवें मंदिर उभें केलें.

बायबलांतील अब्राहाम देवाच्या शब्दावर विसंबून स्वदेश सोडून निघाला. संकट येणारच नाहीं, असें वचन त्यालाही मिळालें नव्हतें. मिळालें तें सोबतीचें. ज्याचा या सोबतीवर विश्वास असतो, तो ओझें उचलून चालूं लागतो.

कोंडिवट्याचे भग्न अवशेष आज सीप्झ या उद्योगवसाहतीच्या आवारांत आहेत. उपासना मात्र मरोळास चालू आहे.