खांदा आपला, बंदूक कुणाची?



मागच्या पावसाळ्यात आमच्या बौद्धवाडीत एक बैठक झाली. विषय जवळच्याच एका गावातल्या अत्याचाराच्या केसचा. आरोपी जामिनावर सुटून आलेले, आणि ज्यांनी तक्रार दिली त्यांच्या दारावरून रोज मुद्दाम फेऱ्या मारतात. निवेदन कुणाला द्यायचं, मोर्चा कधी काढायचा, असं चाललं होतं. एवढ्यात मागं बसलेला एक पोरगा उठला नि म्हणाला, "निवेदनं किती दिवस देणार? त्यांच्या घरात खुंटीला बंदूक आहे, आपल्या घरात भिंतीवर फोटो आहे. आता आपण पण बंदूक घेऊया." टाळ्या पडल्या. म्हातारी माणसं गप्प बसली. मी पण गप्प बसलो. त्या पोराचा राग खोटा नव्हता. माझ्याकडं उत्तर नव्हतं, एवढंच.

घरी आलो आणि आज्याची लोखंडी ट्रंक आठवली. आजा १९१७ साली महार पलटणीत भरती झाला, १९२१ साली पलटण मोडली तेव्हा घरी आला. ट्रंकेत एक बक्कल, एक जीर्ण कागद. पलटणीचं विचारलं की आजा एवढंच बोलायचा, "बाला, बंदूक सरकारची, खांदा आपला. बंदूक काढून घेतलान्, खांदा तेवढा ऱ्हायला."

त्या पोराला द्यायचं उत्तर या एका वाक्यात कुठंतरी आहे, असं मला वाटतं. पण त्यासाठी इतिहास उकरावा लागेल, आणि तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचा आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या महार वस्त्यांमध्ये एकेकाळी पलटणीचे पेन्शनर पुष्कळ होते. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसं मोठ्या संख्येनं होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांच्या नावांना 'नाक' लागलेलं आहे, ते तिथल्या स्तंभावर आजही वाचता येतं. दापोलीचा कॅम्प तर पेन्शनरांचं गावच झाला होता. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं सकपाळ घराणं त्याच वाटेनं गेलं. मालोजी सकपाळ फौजेत, त्यांचा मुलगा रामजी सुभेदार आणि पलटणीच्या शाळेत शिक्षक, आणि सुभेदारांचा मुलगा भीमराव १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. पेन्शन झाल्यावर सुभेदार काही काळ दापोलीतच येऊन राहिले होते.

बंदुकीनं आपल्याला काय दिलं? पगार दिला, पेन्शन दिलं, अक्षर दिलं. छावणीत सैनिकांच्या मुलामुलींना शाळा होती. गावच्या शाळेत ज्यांना पायरीवर उभं करत नसत, ते पलटणीत हिशेब लिहायला शिकले. पण गावात परत आल्यावर तोच हवालदार, तोच सुभेदार पाणवठ्यावर लांब उभा. छातीवर बिल्ला असला तरी सावलीचा विटाळ होताच. बंदूक खांद्यावर असेपर्यंत माणूस, बंदूक जमा केली की परत महार. हे पहिलं सूत्र लक्षात ठेवा.

आता १८७८ साल बघा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. त्या एका वर्षात त्यानं दोन कुलपं ठोकली. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना, दुसरं हत्यारांना. म्हणजे हिंदी माणसाचं अक्षर आणि गोळी, दोन्हींची भीती सरकारला एकाच वेळी वाटली. वर्तमानपत्रांचा कायदा पुढं लॉर्ड रिपननं उठवला. हत्यारांचा कायदा मात्र राहिला, स्वातंत्र्य आलं तरी राहिला, १९५९ चा नवा कायदा आला तेव्हा कुठं गेला. या १८७८ च्या कायद्यानं सगळेच निःशस्त्र झाले असं शाळेत शिकवतात. ते अर्धं खरं. गोऱ्यांना सूट होती. राजेरजवाडे, किताबवाले, सरकारच्या मर्जीतले बडे लोक यांनाही सूट होती. बाकीच्यांनी परवाना काढायचा. आणि परवाना कुणाला मिळणार? ज्याला साहेबासमोर खुर्ची मिळते त्याला. ज्याला कचेरीच्या ओट्यावर चढता येत नाही त्यानं अर्ज कुठं द्यायचा?

मग निघाली 'लढाऊ जाती'ची टूम. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ठरलं की काही जाती जन्मजात शूर आणि काही नाहीत. कोरेगाव लढलेले एका फटक्यात नालायक ठरले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. साहेबानं इथं मनूचाच धडा गिरवला.

दापोलीत तेव्हा १८८६ साली पेन्शनीत निघालेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर होते. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे, अनार्यदोषपरिहारक मंडळी काढणारे. भरतीच्या बंदीविरुद्ध त्यांनी लेखणी उचलली. पुढं पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज नेला. दोस्तहो, या माणसांना बंदूक चालवता येत होती. पण बंदूक परत मिळवण्यासाठी त्यांनी कागदच वापरला, कारण भरतीचा हुकूम कागदावर निघतो हे त्यांनी ओळखलं होतं. महायुद्ध पेटलं तेव्हा सरकारला आपण आठवलो. १९१७ ला १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या आज्याची बंदूक तिथंच गेली. पुन्हा महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी रेटा लावला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ती मात्र राहिली.

याच जिल्ह्यात जन्मलेल्या अनंत कान्हेरेनं डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर पिस्तूल झाडलं. ते पिस्तूल पाठ्यपुस्तकात गेलं. दापोलीच्या पेन्शनरांची बंदूक कुठल्या धड्यात आली? कुणाच्या हातातली बंदूक देशभक्ती आणि कुणाच्या हातातली पोटाची चाकरी, हेही कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आता सावित्री नदीच्या पलीकडं महाडला या. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतलेले. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि काठ्या घेऊन जमाव आपल्या माणसांवर तुटून पडला. जेवणाऱ्यांना, वाटेनं जाणाऱ्यांना, बायापोरांना झोडपलं. त्या दिवशी महाडात आपल्यात पलटणीतून आलेले, महायुद्ध पाहिलेले गडी होते. त्यांचे हात शिवशिवत होते, एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी माणसांना आवरलं, केस कोर्टात नेली, हल्लेखोरांतल्या काहींना शिक्षा झाली. हे भेकडपणानं झालं असं ज्याला वाटतं त्यानं विचार करावा. त्या रात्री हात सुटले असते तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कोकणातल्या एकेका वाडीवर काय आलं असतं? वाडीत दहा घरं, गावात दोनशे. हिशेब साधा आहे.

आणि हेच बाबासाहेब १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगतात की चातुर्वर्ण्यानं खालच्या वर्गांच्या हातात हत्यार येऊ दिलं नाही, म्हणून त्यांना बंड करता आलं नाही. मग पुढचं ऐका. डिसेंबर १९४८. घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत दुरुस्ती मांडतात की हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. काँग्रेसनं १९३१ ला कराचीत हाच ठराव केला होता. बाबासाहेबांनी ही दुरुस्ती मानली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: परकीय राज्यात ही मागणी का उठली ते समजतं, आता परिस्थिती बदलली. कुणीही उठून बाजारातून हत्यार आणणार असेल तर राज्य चालणार कसं? आग्रह धरायचाच तर हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशावर संकट आलं तर राज्य प्रत्येक नागरिकाला बोलावू शकेल.

यात विसंगती आहे का? मला दिसत नाही. १९३६ ला त्यांनी सांगितलं की धर्मानं हत्यार एका वर्णाकडं ठेवलं. १९४८ ला ते म्हणतात, हत्यार बाजारात मोकळं सोडू नका. बाजारात मोकळं सुटलेलं हत्यार पहिल्यांदा कुणाच्या घरी जाईल? आपल्या रत्नागिरीतच बघा. शेतीसंरक्षणाची बंदूक मागायची तर शेती दाखवावी लागते, म्हणजे सातबारा पाहिजे. सातबारा कुणाचा? बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध बिल मांडलं, खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. पण कुळाच्या हातात जमीन किती आली आणि आपल्या वाडीच्या हातात किती, हे प्रत्येकानं आपापल्या घरचा उतारा काढून बघावं. रानडुकराला नि माकडाला घाबरवायला ठासणीची बंदूक लागते, हे मीही कबूल करतो. पण जिथं जमीन तिथं बंदूक. जुनीच उतरंड, फक्त नळी लावलेली.

हे कुठवर जातं ते बिहारनं दाखवलं. १ डिसेंबर १९९७ ला लक्ष्मणपूर-बाथे गावात जमीनदारांच्या खाजगी सेनेनं ५८ माणसं मारली, बहुतेक दलित. २०१३ ला हायकोर्टातून आरोपी सुटले. आणि सरकारी बंदूकही आपोआप आपली होत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले.

आपल्यातले काहीजण अमेरिकेचं उदाहरण देतात. पँथर हे नाव १९७२ ला आपण तिथूनच घेतलं. तिथं १७९१ पासून हत्याराचा हक्क घटनेत आहे. पण मे १९६७ मध्ये काळे पँथर उघड बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तर त्याच वर्षी गव्हर्नर रीगनच्या सहीनं भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आली. गोऱ्याच्या हातात हक्क, काळ्याच्या हातात गुन्हा. आज त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि शाळेत पोरं मरतात. २०१२ ला एकाच शाळेत वीस कोवळी मुलं मेली. तेवढ्या बंदुका असून काळा माणूस सुरक्षित झाला का?

आपल्याकडंही आता वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, गावठी कट्टा हातात धरून मोबाईलवर फोटो टाकायचा, ही नशा आली आहे. आपली पोरंही त्यात आहेत. पोरांनो, तो फोटो तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. आर्म्स ॲक्टखाली आत जाल तेव्हा ज्याच्यासाठी मिरवलात तो भाई जामीन द्यायला येणार नाही. आई येईल, कुडं गहाण टाकून.

मग त्या पोराला उत्तर काय? उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे, आपण वाचलेलं नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ काढा. अत्याचार होण्याची शक्यता असलेलं क्षेत्र ओळखून सरकारनं गरज वाटली तर तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारं जप्त करावीत, आणि गरज भासली तर दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाना द्यावा, असं तिथं म्हटलं आहे. क्रम नीट बघा. आधी त्याची बंदूक उतरवायची. आपल्या बंदुकीचा प्रश्न त्यानंतर, आणि तोही परवान्यानं, उघड, नोंदीवर.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. मतपेटीसाठी बंदूक खुंटीवरून उतरते, मग आपल्या वस्तीसाठी का उतरू नये?

पुढच्या बैठकीत मी त्या पोराला दोन कागद देणार आहे. एक नियम ३ ची नक्कल. दुसरा माहितीच्या अधिकाराचा अर्ज, कलेक्टर कचेरीच्या नावे. जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती? तालुक्यावार किती? त्यातले दलित-आदिवासींचे किती? नियम ३ खाली आजवर रद्द किती केले? चार प्रश्न. सही त्यानं करायची, पाठपुरावा सगळ्यांनी करायचा. प्रत्येक तालुक्यातून असा एक अर्ज जाऊ द्या. उत्तरं आली की याच पानांवर छापू.

वलंगकरांनी पलटणीत बंदूक धरली आणि दापोलीत लेखणी. दोन्ही धरलेल्या माणसानं शेवटी काय हातात ठेवलं, ते त्या पोरानं बघावं. खांदा आपला आहेच. आता त्यावर काय ठेवायचं आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून काय उतरवायचं, हे दुसरा कुणी ठरवणार नाही.