जवळची वाट आणि भरवशाची वाट

तारांच्या जाळ्यात कोणाचा शेजारी कोण, हे ठरलेले असते. बिनतारी जाळ्यात, आणि त्यातही जिथे प्रत्येक रेडिओ संच फिरता आहे व मधोमध एकही मनोरा नाही, तिथे क्षणापूर्वीचा शेजारी टेकडीआड नाहीसा होतो. अशा ‘अ‍ॅड हॉक’ जाळ्यातून निरोप भरवशाने कसा पोहोचवायचा? या प्रश्नाचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे, आणि त्यात एक विस्मरण दडलेले आहे.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांचे ‘अलोहानेट’ सुरू झाले. त्यात दूरची टर्मिनले रेडिओवरून एका मध्यवर्ती संगणकाशी बोलत. सारे निरोप एकाच ठिकाणी जात असल्याने वाट निवडण्याचा प्रश्न जवळपास नव्हताच.

तो प्रश्न उभा केला लष्कराच्या गरजेने. १९७३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेत रॉबर्ट कान यांच्या पुढाकाराने ‘पॅकेट रेडिओ’ प्रकल्प हाती घेण्यात आला. चालत्या वाहनांवर उभे राहणारे आणि काही संच नष्ट झाले तरी न कोलमडणारे जाळे हवे होते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात त्याचे प्रयोग झाले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी धावत्या व्हॅनमधून निघालेली पॅकेटे तीन वेगवेगळी जाळी ओलांडून गेली, हा प्रसंग इंटरनेटच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. त्यामागचे मार्गनिवडीचे काम मात्र क्वचितच कोणी सांगते.

आरंभी ‘स्टेशन’ नावाचा एक संगणक सगळ्यांच्या वाटा ठरवत असे. पण ते स्टेशनच उद्ध्वस्त झाले तर? म्हणून पुढे हे काम प्रत्येक संचाकडे सोपवले गेले. दर साडेसात सेकंदांनी प्रत्येक संच आपल्या अस्तित्वाची घोषणा करी. शेजाऱ्याची किती पॅकेटे नीट ऐकू आली, यावरून त्या दुव्याचा दर्जा ठरे आणि कच्चा दुवा बाजूला ठेवला जाई. पोचपावतीची युक्ती तर फारच सुरेख होती. पुढच्या संचाने तेच पॅकेट आणखी पुढे पाठवताना मागच्याला ऐकू येई, तीच पोच!

१९९० च्या दशकात लॅपटॉप आले आणि विषय विद्यापीठांत व कंपन्यांच्या प्रयोगशाळांत पोहोचला. तिथे जुने दुखणे पुन्हा भेटले. दुवा तुटल्यावर दोन शेजारी एकमेकांच्या शिळ्या बातमीवर विसंबतात आणि पॅकेट त्या दोघांतच घिरट्या घालत राहते. १९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी ‘डीएसडीव्ही’ पद्धतीत त्यावर उपाय मांडला. ज्याच्याकडे जायचे, त्यानेच आपल्या बातमीवर चढता क्रमांक घालायचा. जुन्या क्रमांकाची बातमी बाद. पुढे ‘डीएसआर’ आणि ‘एओडीव्ही’ या पद्धती आल्या. त्यांत गरज पडेल तेव्हाच वाट शोधली जाई.

विस्मरण घडले ते याच काळात. बहुतेक पडताळणी संगणकीय प्रतिरूपांवर होत होती. त्यांतला रेडिओ फार सोज्वळ होता: ठराविक अंतराच्या आत सारे ऐकू येते, बाहेर काहीच नाही. असे गृहीत धरले की कमीत कमी टप्प्यांची वाट सर्वोत्तम ठरते. प्रत्यक्षात टप्पे कमी म्हणजे प्रत्येक टप्पा लांब, आणि लांब टप्पा बहुधा कच्चा. शिवाय शेजाऱ्याचा शोध घेणारे चिमुकले पॅकेट कच्च्या दुव्यावरूनही एखादे वेळी निसटून जाते, आणि तेवढ्यावरच तो दुवा पक्का मानला जाई.

एमआयटीच्या संशोधकांनी केंब्रिज शहरातील घरांच्या छपरांवर ‘रूफनेट’ उभारले. त्याच चमूतील डग्लस डी कूटो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘ईटीएक्स’ हे माप मांडले. एक पॅकेट नक्की पोहोचण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, एवढेच ते मोजते. पोच परत यावी लागते म्हणून जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशा धरून. दोन्ही दिशांना निम्मीच पॅकेटे पोहोचत असतील, तर एका टप्प्यासाठी सरासरी ४ प्रयत्न लागतात. असे दोन टप्पे म्हणजे ८ प्रयत्न. तीन निर्दोष टप्पे मात्र ३ प्रयत्नांत पार होतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘ओएलएसआर’ या पद्धतीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात अजूनही टप्पेच मोजले जात होते. बर्लिनच्या ‘फ्रायफुंक’ या नागरिकांनी उभारलेल्या जाळ्यात ती वापरून पाहणाऱ्यांना कागदावरच्या वाटेने भागेना. त्यांनी त्या प्रणालीत ईटीएक्स बसवले, आणि पॅकेटे पुन्हा दुव्याचा दर्जा पाहून वाट धरू लागली.