परिटाची भट्टी आणि घरचे थंड धुणे

धुण्याचे पाणी किती ऊन असावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील घरांपुढे धुलाईयंत्र येईपर्यंत सहसा उभाच राहिला नाही, कारण कापडाला उष्णता देण्याचे काम घराचे नव्हते, ते परिटाचे होते. रोजचे धुणे नदीच्या, ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात, पाणी जसे मिळेल तशात, उरकले जाई आणि पांढरी धोतरे, चादरी, पासोड्या असे जाड किंवा फार मळलेले सुती कपडे परिटाच्या भट्टीला जात. या विभागणीमागे जातिव्यवस्थेच्या कल्पना होत्याच, परंतु सरपणाचा हिशेबही होता. ज्या घरात स्नानाच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब पेटे, तेथेसुद्धा काटक्या, गोवऱ्या आणि कोकणात नारळाची सोडणे जपूनच जाळली जात. मग धुण्यासाठी घागरीमागून घागरी पाणी तापवणे म्हणजे चैनच. अनेक घरांचे कपडे एका भट्टीत एकदम वाफवले, तर तेच सरपण साऱ्यांच्या कामी येते. बलुत्यावर, म्हणजे शेतकऱ्याने सुगीला कारागिरास धान्यरूपाने द्यावयाच्या वाट्यावर, चालणारी ही भट्टी म्हणजे एका अर्थी गावाची सामायिक उष्णता होती.

वस्त्रशुद्धीचे जे प्राचीन नियम उपलब्ध आहेत, त्यांतही भर पाण्याच्या उष्णतेवर नसून मळ काढणाऱ्या द्रव्यावर आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी ऊष, म्हणजे खारी माती, बकरीच्या लोकरीच्या कांबळ्यांसाठी रिठे, तलम अंशुपट्टांसाठी बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या क्षौमवस्त्रांसाठी पांढरी मोहरी सांगितली आहे. धर्मशास्त्राचा हेतू बाजूला ठेवला, तरी धागा बदलला की धुण्याची रीत बदलते ही जाण त्यात स्पष्ट दिसते. कौटिलीय अर्थशास्त्राला मात्र कपडा फाटण्याची चिंता अधिक आहे: धोब्याने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच वस्त्रे धुवावीत, अन्यत्र धुऊन ती खराब केल्यास नुकसान भरून देऊन सहा पणांचा दंड भरावा, असे तेथे म्हटले आहे.

उष्णतेची गरज मुळात खारामुळे निर्माण झाली. खार म्हणजे प्रामुख्याने सोडियम कार्बोनेट, ज्याला आज धुण्याचा सोडा म्हणतात. राखेच्या निवळीत त्याच्याऐवजी पोटॅशियम कार्बोनेट असते. अंगाच्या घामातले तेल आणि स्निग्ध मळ या खाराशी संयोग पावून कापडावरच थोडाफार साबण तयार होतो, परंतु थंड पाण्यात ही क्रिया फार सावकाश चालते आणि थिजलेला स्निग्धांश धाग्याला धरून राहतो. उष्णता मिळाली की तेल पातळ होते, खाराचे काम वेग घेते आणि धागे किंचित फुगून मळ मोकळा होतो. महाराष्ट्रात या खाराचा एक मोठा नैसर्गिक साठा बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात होता. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेल्या या विवरातील पाणी अतिशय खारट व अल्कधर्मी आहे, आणि उन्हाळ्यात ते मागे हटले की काठावर उरणारे क्षार गोळा करून त्यांची प्रतवारी पापडी, दल्ला, भुस्की अशा नावांनी केली जात असे. अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीने या परिसराची नोंद घेताना काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे आवर्जून लिहिले आहे; सरोवराचे पावित्र्य सांगणारे पुष्कळ, पण त्याची बाजारपेठ सांगणारा हा उल्लेख अधिक मोलाचा म्हणावा लागेल.

भट्टीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. मातीच्या मोठ्या चुलाणावर पाण्याचे रुंद भांडे बसवलेले असे. कपडे आधी खाराच्या पाण्यात भिजवून हलके पिळले जात आणि मग त्या भांड्याच्या तोंडावर व भोवती थरावर थर रचून वरून झाकले जात. खालून विस्तव चालू राही आणि वाफ थराथरांतून वर जात सारी रास तापवी. कपडे पाण्यात शिजत नसत, वाफेवर वाफत, त्यामुळे पाणीही कमी लागे आणि तळाशी कापड करपण्याची भीतीही कमी राही. त्यानंतर ते घाटावर नेऊन दगडावर आपटायचे, खळखळून धुवायचे, उन्हात वाळवायचे, पांढऱ्याला नीळ द्यायची आणि खळ करून इस्त्री फिरवायची, असा क्रम असे. भट्टीत मिसळलेले अनेक घरांचे कपडे पुन्हा ज्याचे त्याला मिळावेत म्हणून परीट कापडाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करी. बिब्ब्याच्या फळातील काळसर चीक चुन्याच्या संयोगाने धाग्यावर असा बसतो, की खार, वाफ आणि दगड या तिन्हींना तो पुरून उरतो; मात्र एखाद्याच्या कातडीला तो सोसला नाही, तर खुणेच्या जागी अंगावर बिब्बा उतत असे.

तापमापक नसलेल्या कारागिराला पाण्याची एकच अवस्था खात्रीने ओळखता येते, ती म्हणजे उकळी. कोमट, ऊन आणि कढत यांतील सीमा हाताच्या सवयीवर ठरतात, परंतु उकळते पाणी मुंबईत 100 अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात 98 अंशांच्या आसपास असते, म्हणजे व्यवहारात ते सर्वत्र सारखेच. म्हणून जुन्या धुलाईत निवड चाळीस आणि साठ अंशांची नव्हती, ती भट्टी की थंड पाणी एवढीच होती, आणि कापडांचे वर्गही त्याच रेषेवर पडले. आल या झाडाच्या मुळांपासून काढून तुरटीने बसवलेला लाल रंग आणि निळीचा निळा रंग बराच तग धरीत. कुसुंब्याचा लाल मात्र खाराच्या पाण्यात सुटतो, किंबहुना रंगारी फुलांतून तो काढतानाही खारच वापरत, त्यामुळे कुसुंबी वस्त्राला भट्टी दाखवणे म्हणजे रंग धुऊन टाकणेच होते. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे, त्यांना ऊन खार सोसत नाही. पैठणी, पीतांबर, मुकटा भट्टीला न जाण्यामागे हे कारण होते, आणि परिटाकडून आलेले वस्त्र सोवळ्यात चालत नसे, हेही होते; दोन्ही कारणांनी रेशीम घरातच, थंड पाण्यात आणि रिठ्याच्या फेसात धुतले गेले.

साबण सर्वत्र पोहोचल्यावर उष्णतेचे समीकरण थोडे बदलले. 1888 मध्ये लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, आणि पुढे टाटा ऑइल मिल्सचा 501 बार कपड्यांचा साबण म्हणून घरोघर परिचित झाला. साबणाची अडचण पाण्याच्या जातीशी आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्याच पाण्यात साबणाला फेसही येत नाही, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारी पांढरट साय तयार करतात. ती कापडावर बसली की पांढरे धोतर राखाडी दिसू लागते. अशा पाण्याचा जडपणा काही अंशी उकळल्याने जातो, कारण बायकार्बोनेटे विघटन पावून तळाशी बसतात, आणि उरलेला धुण्याच्या सोड्याने जातो. खोबरेल तेलाच्या साबणाला मात्र थंडच काय, खाऱ्या पाण्यातही फेस येतो.

उष्णतेला आरोग्याचे महत्त्व आले ते साथींच्या काळात. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आल्यानंतर रुग्णांचे कपडे व अंथरुणे जाळणे किंवा निर्जंतुक करणे हा सरकारी उपाययोजनेचा भाग झाला, आणि ही सक्ती लोकांच्या रोषाचे एक कारणही ठरली. उष्णतेने जंतू मरतात, परंतु त्यासाठी उकळीच हवी असे नाही: रुग्णालयांच्या धुलाईत 71 अंशांवर किमान तीन मिनिटे किंवा 65 अंशांवर दहा मिनिटे असे प्रमाण मानले जाते, आणि अंथरुणातील धूळकिडे 60 अंशांवर मरतात. शंभर अंशांची भट्टी या कामासाठी गरजेपेक्षा बरीच अधिक होती. तिचा तोटा असा की सुती धागा दर खेपेला थोडा थोडा झिजे.

भट्टीला खरा शह दिला तो दोन गोष्टींनी. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू झाले. या डिटर्जंट पावडरींतील कृत्रिम फेनकद्रव्य जड पाण्यातही साय धरीत नाही आणि बादलीतल्या थंड पाण्यात विरघळते. त्याच सुमारास टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्र कापड, मध्यमवर्गाच्या अंगावर आले. पॉलिएस्टरचा धागा सुमारे सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि निवताना पडलेली सुरकुती त्यात कायमची बसते, त्यामुळे हे कापड भट्टीसाठी जन्मलेच नव्हते. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट, जो 1890 च्या सुमाराचा मानला जातो, पुढेही चालू राहिला, परंतु अनेक मध्यमवर्गीय घरांचा परिटाशी संबंध इस्त्रीपुरता उरला.

चाळीस आणि साठ हे आकडे युरोपातील घरगुती यंत्रांबरोबर आले. जर्मनीत 1907 मध्ये निघालेल्या पर्सिलमधील परबोरेट हे विरंजक, म्हणजे डागाचा रंग घालवणारे द्रव्य, साठ अंशांच्या वरच नीट काम करी. पुढे त्याला कमी उष्णतेत चालना देणारी द्रव्ये सापडली आणि 1960 च्या दशकापासून जीवाणूंपासून मिळवलेली विकरे, म्हणजे प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम्स, पावडरीत मिसळली जाऊ लागली. विकर स्वतः प्रथिन असल्याने उकळीत ते निकामी होते, म्हणजे भट्टीचा नियम येथे उलटा झाला. रक्ताचा डाग ऊन पाण्यात गोठून पक्का होतो, हे मात्र घरच्या बायकांना विकरांच्या आधीपासून माहीत होते.

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवरील घंगाळासारख्या चिन्हात लिहिलेले 30, 40 किंवा 60 हे त्या कापडाला सोसणारे कमाल तापमान असते, धुण्याची आज्ञा नसते, आणि हा फरक अनेकदा लक्षात घेतला जात नाही. शिवाय ते आकडे जेथे रूढ झाले, तेथे हिवाळ्यात नळाचे पाणी दहा अंशांच्याही खाली जाते. मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी काही न करताच तीस अंशांपर्यंत पोहोचते. म्हणून येथील रोजच्या धुण्याला थंड नळाचे पाणी आणि विकरयुक्त पावडर बहुधा पुरते. तेलकट मळाला चाळीस अंश, आणि आजाऱ्याची चादर व टॉवेल कापडाला सोसत असेल तर साठ अंश द्यावेत. भारतीय घरांतील अर्धस्वयंचलित आणि वरून उघडणाऱ्या अनेक यंत्रांत पाणी तापवण्याची सोयच नसते, त्यामुळे त्या घरांत ही निवड आजही गीझरच्या नळाशीच करावी लागते.